परदेशाहून मुलाच्या भेटीस येणारे आईबाप

वाचावयाचे भाग: एस्तेर २:५-७, रोम ८:१४-१७

तेलगांवच्या लोकांस प्रवास नवा नाहीं. गांवांत साखर कारखाना आहे, तरी धारूर तालुक्यांतील वाड्यातांड्यांवरून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बिऱ्हाड बांधून दूरच्या कारखान्यांकडे निघतात. कांहीं लेंकरें आईबापांबरोबर कोपीवर जातात, कांहीं आजीपाशीं मागें राहतात. पोटासाठीं मुलांपासून दूर जाणारे आईबाप आम्हांस चांगले ठाऊक आहेत. या पाठांत ज्यांचा विचार करावयाचा आहे ते उलट दिशेनें येतात. जें मूल त्यांनीं जन्मास घातलें नाहीं, ज्याची भाषाही त्यांस येत नाहीं, त्याच्यासाठीं ते समुद्र ओलांडून आपल्या देशांतील एखाद्या शिशुगृहाच्या दारीं उभे राहतात.

अशा पाहुण्यांविषयीं खेड्यांतून एक समज असतो कीं, गोरे लोक पैसे मोजून मुलें नेतात. हा समज निव्वळ अज्ञान म्हणून झिडकारूं नये. एके काळीं मुलें परदेशीं पाठविण्यावर नीट देखरेख नव्हती, आणि या कामांत व्यापार शिरला आहे अशा तक्रारी होत्या. १९८२ सालीं लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनीं त्याविषयीं सर्वोच्च न्यायालयास एक पत्र लिहिलें. न्यायालयानें तें पत्रच याचिका मानलें, आणि फेब्रुवारी १९८४ मध्यें न्यायमूर्ति भगवती यांनीं दिलेल्या निकालानें या कामास प्रथम शिस्त लागली.

त्या निकालापूर्वींचें एक उदाहरण पाहूं. १३ ऑगस्ट १९७९ रोजीं पुण्यांत एक मुलगी जन्मली. तिच्या जन्मदात्यांनीं तिला ससून रुग्णालयाशीं संलग्न असलेल्या श्रीवत्स या शिशुगृहांत ठेविलें. त्याच सुमारास हारेन व सू स्थळेकर हें दांपत्य भारतांत आलें होतें. हारेन मूळचे मुंबईचे, सू इंग्रज वंशाच्या. त्यांनीं पूर्वीं एक भारतीय कन्या दत्तक घेतली होती, आणि या खेपेस त्यांना मुलगा हवा होता. मुलगा शोधावयास आलेलीं हीं माणसें तीन आठवड्यांच्या त्या मुलीला घेऊन परत गेलीं. कुटुंब अमेरिकेंत राहिलें, मग केनिया देशांत ख्रिस्ती सेवाकार्य केलें, आणि शेवटीं ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथें स्थायिक झालें. तीच लिसा स्थळेकर पुढें ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली, आणि २०१३ सालीं मुंबईंत विश्वचषक जिंकणाऱ्या संघांत होती. ही कथा सांगतांना लोक तिच्या कीर्तीवर थांबतात. मला मात्र तिच्यांतील पहिलाच प्रसंग मोलाचा वाटतो. स्थळेकरांनीं मुलगी स्वीकारली तेव्हां ती कर्णधार होईल हें कोणासही ठाऊक नव्हतें. ती मुलगी होती, आणि तिला घर नव्हतें, इतकेंच समोर होतें.

आज असें तीन आठवड्यांचें मूल घेऊन कोणी परदेशीं जाऊं शकत नाहीं, आणि तें योग्यच आहे. प्रथम बालकल्याण समिति मुलाच्या नातलगांचा शोध करविते. टाकलेलें किंवा अनाथ मूल दोन वर्षांपर्यंतचें असल्यास दोन महिन्यांत, व मोठें असल्यास चार महिन्यांत, तें दत्तक देण्यास कायद्यानें मोकळें आहे किंवा नाहीं याचा निर्णय व्हावा असा नियम आहे. आईनें स्वतः समितीपुढें येऊन मूल सोंपविलें असेल तर तिला फेरविचारासाठीं साठ दिवस मिळतात. त्या मुदतींत ती परत आली तर मूल तिचें. नंतर भारतांतील आणि परदेशीं राहणाऱ्या भारतीय कुटुंबांचा विचार होतो. मूल मोकळें ठरल्यापासून साठ दिवसांत असें घर मिळालें नाहीं, तरच इतर परदेशीयांचें दार उघडतें. अपंग मुलें, पांच वर्षांवरील मुलें आणि एकत्र राहणारीं भावंडें यांना मात्र परदेशीं घर देण्यांत प्राधान्य देतां येतें.

तिकडे त्या दांपत्यासही सहज परवानगी मिळत नाहीं. त्यांच्या देशांतील अधिकृत संस्था त्यांचें घर, प्रकृति, उत्पन्न व स्वभाव पाहून अहवाल लिहिते. तो दिल्ली येथील केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे येतो. हें प्राधिकरण १९९० सालीं सुरू झालें, आणि आंतरदेशीय दत्तकाविषयीं हेग येथें १९९३ सालीं झालेला करार भारतानें २००३ सालीं स्वीकारला. मुलाचा वृत्तांत व वैद्यकीय तपासणी वाचून दांपत्यानें होकार दिला कीं प्राधिकरणाचें ना-हरकत पत्र होतें. त्यावर दत्तकाचा आदेश लागतो. तो पूर्वीं न्यायालय देत असे, आणि १ सप्टेंबर २०२२ पासून कायद्यानें तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांस दिला आहे. मग मुलाचें पारपत्र. मूल गेल्यावरही दोन वर्षें त्याच्या क्षेमाचे अहवाल येत राहतात, पहिल्या वर्षीं दर तीन महिन्यांनीं व दुसऱ्या वर्षीं दर सहा महिन्यांनीं. एवढे कागद कशाला, असें कोणी त्रासून विचारील. हे कागद त्या मुलाभोंवतीं घातलेलें कुंपण आहे. वाट पाहण्याचा भार प्रौढांनीं सोसावा, मुलानें जोखीम सोसूं नये, असा त्याचा हिशेब आहे.

आतां भेटीविषयीं. येणाऱ्यांनीं महिनोन् महिने त्या मुलाचें छायाचित्र भिंतीवर लाविलेलें असतें, पण मुलाच्या दृष्टीनें समोर उभीं असतात तीं दोन अनोळखी माणसें. सहा वर्षांचें मूल अशा वेळीं आयेच्या पदरामागें लपलें तर त्यांत कृतघ्नता नाहीं. त्या दिवसापर्यंत ती आयाच त्याची आई होती, आणि तिला सोडणें हें त्याचें दुसरें पोरकेपण आहे. म्हणून जाणते आईबाप पहिल्या दिवशीं मुलाला ओढून मिठी मारीत नाहींत. ते जवळ बसतात, पुनः दुसऱ्या दिवशीं येतात, दोन-चार मराठी शब्द शिकून येतात, आणि मूल काय खातें, कसें झोपतें, अंधारास भितें काय, हें आयेला विचारून घेतात. मुलाच्या वयाप्रमाणें व समजुतीप्रमाणें त्याची इच्छाही विचारांत घ्यावी असें कायदा सांगतो.

वाचकहो, हीं पाहुणीं माणसें इतक्या दुरून कां येतात, हा प्रश्न त्यांस विचारण्यापूर्वीं आपणांस विचारावा. तीं येतात त्यांतील पुष्कळ मुलें अशीं असतात कीं ज्यांस येथील घरांनीं घेतलें नाहीं. आपल्याकडील बहुतेक अर्जदारांस तान्हें, निरोगी, शक्य तर गोरें मूल पाहिजे असतें. आठ वर्षांची मुलगी, तिचा धाकटा भाऊ, पाय अधू असलेला मुलगा, हीं मागें राहतात. बीड जिल्ह्यानें तर मुलींविषयीं मान खालीं घालावी असा आंकडा पाहिला आहे. २०११ च्या जनगणनेंत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागें येथें ८०७ मुली होत्या. मर्दखयानें पोरक्या एस्तेरला आपली कन्या केली, ती त्याच्या चुलत्याची मुलगी म्हणून. आपल्यांतही भाऊबंदांचें मूल सांभाळणारे आहेत. नात्यापलीकडे मात्र हात पुढें होत नाहीं. पौलानें दत्तकाचा दृष्टान्त ज्या रोमी जगांत दिला तेथें दत्तक घेतलेला बहुधा जाणता पुरुष असे. मोठ्या वयाचें मूल आपलें होत नाहीं, ही समजूत त्या वाचकांस पटली नसती.

आम्हां ख्रिस्ती लोकांपाशीं एके काळीं खरी सबब होती. १९५६ चा दत्तकाचा कायदा हिंदु, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरता होता. ख्रिस्ती दांपत्यास १८९० च्या कायद्याखालीं केवळ पालकत्व मिळे, आणि मूल सज्ञान झालें कीं तें नातें कायद्याच्या दृष्टीनें संपे. १९९९ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें ख्रिस्ती दांपत्याचा दत्तक घेण्याचा हक्क मान्य केला. पुढें बालन्याय कायद्यानें सर्व धर्मांच्या लोकांस तो मार्ग दिला, आणि २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यावर शिक्कामोर्तब केलें. आतां दत्तक मूल वारसासह सर्व बाबतींत पोटच्या मुलासारखेंच आहे. ती सबब उरली नाहीं.

एक गोष्ट स्पष्ट लिहितों, कारण ती खेड्यांत दयेच्या नांवाखालीं घडते. अडलेल्या पोरीचें बाळ सुईणीच्या किंवा दवाखान्यांतील कोणाच्या मध्यस्थीनें हातोहात एखाद्या निपुत्रिक घरीं देणें हा दत्तक नव्हे. त्यांत पैसे फिरले तर पांच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपये दंड होऊं शकतो. अशा पोरीस गांवानें हांकलूं नये, बीडच्या बालकल्याण समितीकडे न्यावें. मूल कोठें टाकलेलें आढळलें तर चोवीस तासांच्या आंत पोलिसांस, समितीस किंवा १०९८ या दूरध्वनीवर कळविणें हें प्रत्येकाचें कर्तव्य आहे.

आणि कळवितांना तपशील लिहून द्यावा. मूल कोठें होतें, उसाच्या फडाशेजारीं कीं देवळाच्या पायरीवर, किती वाजतां, अंगावर कोणतें फडकें, गळ्यांत दोरा होता काय. त्यांतील कांहीं फेंकूं नये, फडकेंही नाहीं. दत्तक गेलेल्या व्यक्तीस वयांत आल्यावर आपल्या मुळाविषयीं विचारपूस करण्याची मुभा आहे. जन्मदात्रीचें नांव तिच्या संमतीवांचून उघड होत नाहीं, पण जागा, तारीख व सांपडण्याची हकीकत सांगतां येते. वीस-पंचवीस वर्षांनीं दुसऱ्या देशांतून कोणी तरुणी आपला कागद उघडून बसेल, तेव्हां त्यावर तेलगांवच्या ज्या माणसानें तिला उचललें त्यानें सांगितलें असेल तेवढेंच असेल.