जुन्या जीपची चाके, टायर व उंची

आमच्या भागात अनेक बागायतदारांच्या गोठ्याशेजारी एखादी जुनी जीप उभी असलेली दिसते. वडिलांच्या वा आजोबांच्या काळी ती घरात आली, मध्यंतरी ती निकामी समजून टाकून दिली गेली आणि आता नव्या पिढीस तिची गोडी पुन्हा उत्पन्न झाली आहे. अशी जीप मूळ स्वरूपात राखून शेतरस्त्यावर वापरावयाची झाल्यास टायर कोणते घ्यावेत, चाके कोणती बसवावीत आणि गाडी थोडी उंच करावी किंवा कसे, असे प्रश्न आम्हांस वारंवार विचारले जातात. आम्ही यंत्रशास्त्राचे पंडित नव्हे. महसूल खात्यातील कारकुनीत आमचे आयुष्य गेले. तथापि मोजल्यावाचून कागदावर आकडा लिहू नये, ही त्या खात्याची शिकवण जीपच्या कामीही उपयोगी पडते, असा आमचा अनुभव असल्याने हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

जीपचे मूळ मोजमाप

युद्ध संपताच १९४५ साली अमेरिकेतील विलीज कंपनीने ‘सीजे-२ए’ ही मुलकी जीप बाजारात आणली. ती मुख्यत्वे शेतकऱ्यांकरिताच होती. नांगर, पंप अगर मळणीयंत्र चालविण्यासाठी इंजिनाची शक्ती बाहेर घेण्याची सोयही तीस मागवून बसविता येत असे. पुढे १९४०-५० या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत जीप जोडण्यास आरंभ केला आणि उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ येथे अनेक वर्षे तयार होत राहिली. आपल्याकडील जुन्या जीपा बहुतांशी याच घराण्यातल्या होत.

या दोन्ही प्रकारांत पुढच्या व मागच्या आखांमधील अंतर ८० इंच असते. टायर ६.००-१६ मापाचे, मूळ रिमची रुंदी साडेचार इंच, आणि चाकास पाच बोल्ट साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळावर बसविलेले असतात. आखातील दात्यांचे प्रमाण बहुधा ५.३८ ला १ असे असते. हे आकडे वहीत टिपून ठेवावेत. पुढील सर्व विवेचन यांवर अवलंबून आहे.

गाडी उंच करणे म्हणजे काय

येथे बहुतेकांची फसगत होते, आणि आमचीही झाली. सेवानिवृत्तीनंतर वडिलांची जीप आम्ही शेतावर नेऊ लागलो. वाटेत एक ओढा आहे. त्यातील एका दगडास मागच्या आखाच्या मध्यावरील डिफरन्शियलचा गोळा नेहमी घासत असे. एका मिस्त्रीने सांगितले की, पाट्यांची शॅकले लांब करा, गाडी उंच होईल. आम्ही चार इंच लांब शॅकले चारही बाजूंस घातली. गाडी दोन इंच उंच झाली व दिसावयासही रुबाबदार झाली. परंतु दुसऱ्याच दिवशी गोळा त्याच दगडास पूर्ववत लागला.

कारण उघड आहे.  पाटे अगर शॅकले वाढविली तर आखाच्या वरची गाडी वर जाते, आख मात्र होता तेथेच राहतो. गोळ्याची जमिनीपासूनची उंची टायरच्या त्रिज्येवर अवलंबून असते. बैलगाडीचा साटा कितीही उंच बांधला तरी आख चाकाच्या मध्यावरच राहणार, तसाच हा प्रकार होय. यास्तव पहिला नियम असा की, दगडांतून जाण्यासाठी उंची हवी असेल तर आधी टायरचा विचार करावा. पाट्यांची उंची केवळ टायरला फिरण्यास जागा मिळावी व गाडीचे पोट अडू नये एवढ्यापुरतीच उपयोगी असते.

टायरचे माप

सोळा इंची रिमवरील तीन मापांची सुमारे उंची अशी आहे. कारखान्याप्रमाणे त्यात थोडा फरक पडतो.

६.००-१६ : सव्वाअठ्ठावीस इंच
७.००-१६ : साडेतीस इंच
७.५०-१६ : बत्तीस इंच

६.०० काढून ७.०० घातल्यास व्यास सव्वादोन इंचांनी वाढतो, म्हणजे आख सव्वा इंचाच्या आत-बाहेर वर जातो. ओढ्यातील दगडास एवढे पुष्कळ होते. परंतु या लाभाची किंमत द्यावी लागते. चाक शेकडा सुमारे ८ ने मोठे झाल्याने वेगमापक ४० दाखवील तेव्हा गाडी ४३ ने धावत असते. आखातील ५.३८ चे प्रमाण जणू ५ वर येते, म्हणून चढावर इंजिन लवकर दमते. ब्रेकच्या ड्रमचा व्यास तेवढाच राहतो व त्यास मोठे चाक थांबवावे लागते, म्हणून ब्रेकही तितकाच कमी पडतो. लो गिअरमुळे शेतातील चढ निभावतो, पण घाट उतरताना ब्रेकची उणीव कशानेही भरून निघत नाही. म्हणून ७.०० घालण्यापूर्वी ब्रेकचे पट्टे, सिलिंडर व नळ्या निर्दोष करून घ्याव्यात. ७.५० चे टायर पूर्ण वळणावर पाट्यांस घासू लागतात आणि सुकाणूही जड होते. मूळ स्वरूपातील जीपला ते आम्ही सुचवीत नाही.

टायरची नक्षी

जुन्या लष्करी धर्तीची, पुढे व मागे सारखीच पकड धरणारी नक्षी मुरूम व दगडाच्या वाटेवर चांगली असते आणि जुन्या जीपला शोभतेही. तिचा दोष असा की, ओल्या डांबरी रस्त्यावर ती घसरते. ज्यांची जीप निम्मी वाट डांबरी रस्त्याने जाते त्यांनी मध्यम नक्षीचे टायर घ्यावेत. काळ्या जमिनीत नक्षीच्या ठोकळ्यांमध्ये मोकळी जागा भरपूर असावी, अन्यथा चिकण माती त्यांत भरून टायर गुळगुळीत गोळा होतो.

अरुंद टायर चिखल कापून खालच्या कठीण थरास लागतो, म्हणून ज्या चाकोरीखाली मुरूम आहे तेथे तोच उत्तम. रुंद टायर मऊ मातीवर तरंगतो, पण जुन्या जीपचे इंजिन व सुकाणू त्याचा भार सोसण्यास केलेले नाही. खोल काळ्या जमिनीत पाऊस लागून राहिला असता कोणतेही टायर उपयोगी पडत नाहीत. त्या दिवशी जीप घरी ठेवावी, हेच शहाणपण.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे व शक्यतो सारख्या झिजेचे असावेत, आणि जादा चाकही तसेच असावे. या जीपमध्ये चारही चाकांस गती दिली असता पुढचा व मागचा आख एकमेकांस जखडलेले असतात. टायर लहानमोठे असल्यास दात्यांवर अनाठायी ताण पडतो. याच कारणास्तव कोरड्या डांबरी रस्त्यावर चारचाकी गती लावू नये. दुसरी, एका आखावर रेडियल व दुसऱ्यावर साधा टायर, अशी मिसळ करू नये. तिसरी, टायरच्या बगलेवर चार अंकी छाप असतो. त्यातील पहिले दोन अंक आठवडा व शेवटचे दोन अंक वर्ष दाखवितात. नक्षी पूर्ण शिल्लक असली तरी जुना व भेगाळलेला टायर घेऊ नये.

चिखलात हवा थोडी कमी केल्यास पकड वाढते. परंतु ट्यूबच्या टायरमध्ये ती फार कमी केल्यास टायर रिमवर सरकतो व व्हॉल्व्ह उपटून निघतो. पक्क्या रस्त्यावर येण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी.

चाके

मूळ रिम सरळ व न गंजलेली असल्यास ती बदलू नये. ७.०० च्या टायरला पाच ते साडेपाच इंच रुंदीचे रिम योग्य असते. बाहेर फार निघणारी रुंद चाके दिसण्यास भारदस्त, परंतु त्यांमुळे बेअरिंग व किंगपिन यांवर तरफेसारखा भार पडतो आणि प्रत्येक दगडाचा हिसका सुकाणूवर येतो. चाक आत-बाहेर किती निघते हे मूळ चाकाशी ताडून पाहावे.

जुन्या जीपांत बहुधा डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. हे न जाणता जोर लावून बोल्ट तोडलेले आम्ही पाहिले आहेत. युद्धकालीन जीपची काही चाके दोन भाग बोल्टांनी जोडून केलेली असतात. ट्यूबमधील हवा पूर्ण काढल्याशिवाय त्यांचे नट कदापि सैल करू नयेत. रिमचे भाग उडून प्राणावर बेतते.

माफक उंची

आता उंचीविषयी. आमच्या लांब शॅकलांची गोष्ट अपुरी राहिली आहे. दगडाचा प्रश्न सुटला नाही तो नाहीच, उलट आठ दिवसांनी उतारावर एका खड्ड्यास लागून पुढची चाके सुपासारखी हलू लागली व सुकाणू हातात राहीना. शेजारी चिरंजीव बसले होते. गाडी बांधाला टेकून थांबली म्हणून बचावलो. दोष मिस्त्रीचा म्हणावा तर आम्हीही मोजमाप विचारले नव्हते.

त्याचे कारण असे. या जीपच्या पुढच्या पाट्यांची शॅकले पुढील टोकास असतात. ती लांब केल्यास आख पुढे कलतो आणि चाके सरळ ठेवणारा कल, ज्यास कास्टर म्हणतात, तो कमी होतो. मूळ कास्टर सुमारे ३ अंश असतो. तो गेल्यावर चाके आपणहून सरळ होत नाहीत. त्यात किंगपिन व सुकाणूच्या मधल्या सांध्यात झीज असली म्हणजे चाके नाचणारच.

आम्ही मूळ शॅकले परत बसविली व पाटे सोडविले, तेव्हा दिसले की त्यांची कमान जवळजवळ सपाट झाली होती. लोहाराकडून त्यांस पुन्हा कमान व पाणी देवविले, तुटका पाटा बदलला व बुश नवे घातले. जीप दीड इंच वर आली. म्हणजे जी उंची आम्ही विकत घेऊ पाहत होतो ती तिची स्वतःचीच असून केवळ हरवली होती! नंतर ७.००-१६ चे टायर घातले आणि ओढ्यातील दगड मोकळा झाला.

एवढे करूनही टायर घासत असल्यास पाट्यांनी एक ते दीड इंच उंची वाढवावी, अधिक नको. मागचा जॉइंट शाफ्ट आखूड असल्याने उंची वाढताच त्याचा कोन तीव्र होतो व क्रॉस लवकर झिजतात. ब्रेकची रबरी नळी चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना ताणली जात नाही, शॉक अब्सॉर्बर लांबीस पुरतात, हेही पाहावे. कास्टर कमी झाल्यास आख व पाटा यांमध्ये पोलादी पाचर घालून तो मूळ अंशावर आणावा.

कायद्याची बाजू

जमिनीचा फेरफार नोंदविल्याशिवाय जसा पुरा होत नाही तसाच गाडीचाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा बदल मालकास करता येत नाही. यास्तव माप बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. तसेच २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुने व मूळ स्वरूपात राखलेले वाहन ‘विंटेज’ म्हणून नोंदविता येते. परंतु असे वाहन रोजच्या अगर व्यापारी कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. शेतमाल नेण्यास जीप लागत असेल तर ही नोंदणी मागण्यापूर्वी नीट विचार करावा. काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत.

सारांश

प्रथम पाटे, बुश, किंगपिन व ब्रेक मूळ स्थितीस आणावेत. मग जीप मोजावी. नंतर वाट पाहून टायर निवडावेत : बहुतेकांस ६.०० पुरतात, दगडधोंड्यांच्या वाटेस ७.००. उंची सर्वांत शेवटी, आणि ती इंच-दीड इंचाहून अधिक नाही. या क्रमाने जाणाऱ्याचा पैसा वाचेल, आणि घाट उतरताना सुकाणू त्याच्या हातात राहील.