मर्यादित अनुदान आणि ग्रंथनिवड

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. मान्यताप्राप्त ग्रंथालयांना वर्गानुसार शासकीय अनुदान मिळते. त्यातून वेतनादी खर्च भागविल्यावर जळकोटसारख्या डोंगरी तालुक्यातील ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाजवळ ग्रंथखरेदीसाठी थोडीच रक्कम उरते. मग घ्यावे काय?

पहिले उत्तर देवघेव नोंदवहीत सापडते. हाताळून पाने सुटलेल्या कादंबरीची दुसरी प्रत घेणे हा अपव्यय नव्हे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना मागणी मोठी; परंतु अभ्यासक्रम बदलताच ती निरुपयोगी ठरतात. ती मोजकीच घेऊन ग्रंथालयातच वाचावयास द्यावीत. मराठी विश्वकोश महाजालावर विनामूल्य उपलब्ध असल्याने त्याच्या खंडांचा पैसा बालवाङ्मयाकडे वळविणे इष्ट.

नोंदवहीत मात्र न येणाऱ्याचे नाव नसते. डॉ. रंगनाथन यांच्या १९३१ मधील पंचसूत्रीतले दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा असे सांगते. तांड्यावरील शाळकरी मुलीची किंवा ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबाची मागणी कोण नोंदविणार? ग्रंथनिवड करणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी तेथे जाऊन विचारावे. ठसठशीत अक्षरांतील गोष्टींची पुस्तके, शेळीपालनाची पुस्तिका अशी मागणी पुढे आली, तर यादीतील एखादा जाडजूड ग्रंथ पुढील वर्षावर ढकलता येतो.