मोटारीची कांच, कॅमेरा आणि वादळाचा पाठलाग

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत वाऱ्याचा पाठ चालला असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक प्रश्न विचारला. अमेरिकेंतील टॉर्नेडो नांवाच्या भयंकर वादळाचें चित्रण त्यानें घरीं पाहिलें होतें. मोटार भरधांव जात आहे, समोर काळाकुट्ट ढग सोंडेसारखा जमिनीला टेकला आहे, आणि चित्र मात्र स्थिर आहे. "सर, एकटाच माणूस मोटार हांकतो आहे, तर मग कॅमेरा धरतो कोण?" असा त्याचा प्रश्न होता. कॅमेरा कोणीच धरीत नाहीं, तो पुढच्या कांचेला लावलेला असतो, एवढें उत्तर देऊन आम्हांस पाठ पुढें नेतां आला असता. परंतु त्या कांचेवर काय लावावें व काय लावूं नये याविषयीं तिकडे कायदे आहेत, आणि त्या कायद्यांच्या पोटांत भूमितीचा एक साधा पण फार महत्त्वाचा सिद्धांत दडलेला आहे. म्हणून तो विषय आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें थोड्या विस्तारानें मांडीत आहों.

टॉर्नेडो म्हणजे आपल्या माळावर उठणाऱ्या वावटळीची थोरली बहीण असें कोणी समजेल, तर तें बरोबर नव्हे. वावटळ तापलेल्या जमिनीवरून वर उठते. टॉर्नेडो हें प्रचंड मेघगर्जनेच्या वादळाच्या पोटांतून निघून जमिनीस भिडतें. टेक्सास, ओक्लाहोमा व कॅन्सास या सपाट राज्यांत वसंत ऋतूंत दक्षिणेकडील आखातावरून येणारी दमट हवा व पश्चिमेकडील कोरडी हवा यांची गांठ पडते, आणि अशीं वादळें उद्भवतात. त्यांच्या मागें मोटार घेऊन जाणाऱ्या लोकांचा एक वर्गच तेथें आहे. डेव्हिड होडली या गृहस्थांनीं १९५६ सालीं नॉर्थ डकोटांत हा उद्योग आरंभिला. पुढें २४ मे १९७३ रोजीं ओक्लाहोमांतील युनियन सिटी येथील टॉर्नेडोचा उगमापासून अंतापर्यंतचा सारा क्रम शास्त्रज्ञांच्या पथकानें प्रत्यक्ष जागेवर जाऊन टिपला, तेव्हांपासून या पाठलागास शास्त्राची प्रतिष्ठा प्राप्त झाली. आज मात्र शास्त्रज्ञ थोडे आणि हौशी अधिक, अशी स्थिति आहे.

कॅमेऱ्याची योग्यता किती मोठी आहे हें आधीं सांगितलें पाहिजे, नाहीं तर आम्ही त्याचे वैरी आहों असा कोणाचा समज होईल. ३१ मे २०१३ रोजीं ओक्लाहोमांतील एल रेनो या गांवाजवळ २.६ मैल रुंदीचें टॉर्नेडो झालें. इतक्या रुंदीच्या दुसऱ्या टॉर्नेडोची नोंद नाहीं. टिम सामारस, त्यांचा मुलगा पॉल व सहकारी कार्ल यंग हे तिघे त्यांत मृत्यु पावले. हे सामारस कांहीं बेफिकीर हौशी गृहस्थ नव्हते. टॉर्नेडोच्या वाटेंत ठेवावयाचीं मापनयंत्रें त्यांनीं स्वतः रचिलीं होतीं, आणि २००३ सालीं साउथ डकोटांत अशाच एका यंत्रानें वायुभार १०० मिलीबारांनीं उतरल्याची नोंद त्यांनीं मिळविली होती. एल रेनोच्या दिवशीं त्याच रस्त्यावर थोडा पुढें दुसरा एक पाठलाग करणारा होता. त्याच्या मोटारींत मागें तोंड करून बसविलेला एक कॅमेरा चालू होता. सामारस यांच्या मोटारीचे दिवे त्या चित्रांत दिसतात, आणि मग दिसेनासे होतात. पुढें संशोधकांनीं अनेक लोकांचीं चित्रणें गोळा केलीं, आणि ज्या विजा सर्वांच्या चित्रांत चमकल्या त्यांवरून सर्वांच्या घड्याळांचा मेळ घालून त्या वादळाची क्षणाक्षणाची हकीगत जुळविली. विजेच्या चमकेनें घड्याळें लावण्याची ही युक्ति आम्हांस फारच आवडली.

आतां कायद्याकडे वळूं. टेक्सासच्या कायद्याप्रमाणें, हांकणाऱ्याची स्वच्छ दृष्टि जिच्यामुळें अडेल किंवा कमी होईल अशी कोणतीही वस्तु पुढच्या कांचेवर लावणें हा अपराध आहे. येथें कॅमेऱ्याचें नांवही नाहीं आणि इंचाचें मापही नाहीं. दृष्टि अडते कीं नाहीं, एवढाच प्रश्न. कॅलिफोर्नियाचा कायदा मात्र फूटपट्टी हातांत घेऊन बसला आहे. हांकणाऱ्यापासून दूरच्या खालच्या कोंपऱ्यांत सात इंचांचा चौरस, त्याच्या जवळच्या खालच्या कोंपऱ्यांत पांच इंचांचा चौरस, आणि अपघाताचें चित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यासाठीं वरच्या बाजूस मध्यभागीं पांच इंचांचा चौरस, एवढीच जागा तो मोकळी सोडतो. शिवाय अपघाताच्या वेळीं फुगणाऱ्या हवेच्या पिशवीच्या आड कांहीं येतां कामा नये. वादळ राज्यांच्या सीमा मानीत नाहीं. सकाळीं टेक्सासांत निघालेली मोटार सायंकाळीं कॅन्सासांत असूं शकते, आणि ज्या राज्यांत चाकें आहेत त्या राज्याचा कायदा कांचेस लागू होतो.

कोंपरेच कां, हें कळण्यास एक प्रयोग करावा. खडूंच्या खोक्याचें चार इंच रुंदीचें झांकण डोळ्यांपासून दोन फुटांवर धरा व एक डोळा मिटा. दोन फुटांवर चार इंच, तर साठपट दूर म्हणजे १२० फुटांवर २४० इंच, अर्थात् वीस फूट रुंदीचा प्रदेश झांकला गेला. हे समरूप त्रिकोण होत. तुम्ही म्हणाल कीं आपणांस दोन डोळे आहेत. खरें आहे, आणि येथेंच मौज आहे. दोन डोळ्यांमध्यें सुमारें अडीच इंच अंतर असतें. तें हिशेबांत धरलें तरी १२० फुटांवर साडेसात फुटांहून थोडा अधिक रुंदीचा पट्टा दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीं, आणि मोटारीची रुंदी असते सुमारें सहा फूट. उलट वस्तु अडीच इंचांहून अरुंद असेल, तर एका डोळ्यास न दिसलेलें दूरचें दृश्य दुसऱ्यास दिसतें. म्हणजे लहान कॅमेरा व मोठा कॅमेरा यांत केवळ कमीअधिकपणाचा भेद नाहीं. वादळामागें जाणारे लोक तर कांचेजवळ एक कॅमेरा, एक फोन व पावसाचा नकाशा दाखविणारें एक यंत्र अशी सारी मांडणी करितात! खालच्या कोंपऱ्यांतून बहुधा मोटारीचें नाक व जवळची जमीनच दिसते, म्हणून कायद्यानें त्या जागा पसंत केल्या असाव्यात असें आम्हांस वाटतें.

याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. ओक्लाहोमा, कॅन्सास इकडील खेड्यांतले रस्ते बहुतांशीं एकेक मैलावर एकमेकांस काटकोनांत छेदतात. दोन मोटारी दोन रस्त्यांनीं एकसारख्या वेगानें एकाच चौकाकडे येत असून एकाच क्षणीं तेथें पोंचणार असतील, तर एकीस दुसरी सदैव एकाच दिशेला दिसते. ती कांचेवर डावीउजवीकडे सरकत नाहीं, फक्त मोठी होत जाते. खलाशांना हा नियम ठाऊक असतो. ज्या जहाजाची दिशा बदलत नाहीं तें आपल्यावर येत आहे, असें ते समजतात. मग अशी मोटार आरंभीं कॅमेऱ्याच्या आड असेल, तर ती जवळ येईपर्यंत आडच राहील. आम्हीं शाळेच्या मैदानावर चुन्याच्या दोन रेघा काटकोनांत ओढल्या, दोन मुलांना शिटीच्या तालावर सारख्या पावलांनीं चालविलें, व एकाच्या हातांत तें झांकण दुसऱ्याच्या दिशेनें स्थिर धरविलें. "सर, तो आहे कुठें?" असें तो विचारीत राहिला, आणि अगदीं जवळ आल्यावर झांकणाच्या दोन्ही बाजूंनीं मित्राचे खांदे उगवले. सारा वर्ग हंसला. परंतु ताशीं सत्तर मैलांच्या वेगानें मोटार एका सेकंदांत सुमारें १०३ फूट जाते.

२८ मार्च २०१७ रोजीं टेक्सासांतील स्पर या गांवाजवळ अशाच एका चौकांत पाठलाग करणाऱ्यांच्या दोन मोटारींची टक्कर होऊन तिघे जागच्या जागीं गेले. 'थांबा' या आठकोनी तांबड्या फलकापाशीं एक मोटार थांबली नव्हती. कॅमेऱ्याच्या आडोशामुळें हें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. पण कॅमेऱ्यांनीं सजलेल्या मोटारींतील माणसांचें सारें लक्ष आकाशाकडे असतें, आणि फलक असतो जमिनीवर. वादळाचा पाठलाग करणाऱ्यास कायद्यानें रुग्णवाहिकेचा किंवा अग्निशामक बंबाचा अधिकार दिलेला नाहीं. त्याला वेगाची मर्यादा, तांबडा फलक, रस्त्याच्या मध्यें न थांबण्याचा नियम, सारें कांहीं तुमच्याआमच्यासारखेंच बंधनकारक आहे. टेक्सासनें १ सप्टेंबर २०१७ पासून मोटार हांकतांना फोनवर संदेश लिहिण्यावाचण्यासही सर्व राज्यभर बंदी केली.

आणखी एक हकीगत विद्यार्थ्यांसाठीं सांगितली पाहिजे. २९ एप्रिल २०२२ रोजीं ओक्लाहोमा विश्वविद्यालयांत वायुशास्त्र शिकणारे तीन तरुण कॅन्सासांतील वादळ पाहून परत येत होते. टॉर्नेडोनें त्यांस स्पर्शही केला नव्हता. परतीच्या वाटेवर टोंकावा गांवाजवळ भिजलेल्या महामार्गावर त्यांची मोटार पाण्यावरून घसरली, आणि मागून येणाऱ्या अजस्र मालमोटारीनें त्यांस गांठलें. चाक व रस्ता यांच्यामध्यें पाण्याचा थर शिरला कीं चाकाची पकड सुटते. मग सुकाणूं फिरवून उपयोग होत नाहीं. पावसांत वेग कमी करावयाचा तो याचसाठीं.

ज्या विद्यार्थ्याच्या प्रश्नावरून हें सारें निघालें, त्याचे वडील टॅक्सी चालवितात. मैदानावरील प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशीं तो एक कागद घेऊन आला. टॅक्सीच्या पुढच्या कांचेवर फोन आडवा बसविलेला होता. त्याची रुंदी त्यानें मोजली साडेसहा इंच, आणि वडिलांच्या डोळ्यांपासून त्याचें अंतर बरोबर दोन फूट. दोन्ही डोळ्यांचा हिशेब धरून १२० फुटांवर न दिसणारा पट्टा त्यानें काढला होता वीस फुटांहून किंचित् अधिक. आम्हीं तो हिशेब दोनदां तपासला. त्यांत चूक नव्हती. "मग बाबा काय म्हणाले?" असें आम्हीं विचारलें. बाबा कांहीं बोलले नाहींत, पण सकाळीं फोन खालीं, समोरच्या फळीवर आलेला होता, असें त्यानें सांगितलें.