आधी सह्या थांबव

पोरी, नवऱ्याने पैसा उडवला हे कळलं की बायका आधी माहेरी जातात आणि मग वकिलाकडे. बँकेत जायचं राहूनच जातं. तू आधी बँकेत जा. संयुक्त खातं असेल तर यापुढे दोघांच्या सह्यांशिवाय पैसे देऊ नयेत, असा लेखी अर्ज शाखेत दे आणि त्याची पोच घे. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन, सोनेतारण, फ्लॅटवर वाढीव कर्ज, कशावरही सही करू नकोस. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि घटस्फोट झाला म्हणून ती संपत नाही. तुझ्या नावावर कुठे काय कर्ज आहे, हे बरंचसं सिबिलच्या अहवालात दिसतं. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढ.

आता मन घट्ट करून ऐक. हिंदू विवाह कायद्यात मिळकतीचे निम्मे-निम्मे भाग करायची तरतूद नाही. ज्याच्या नावावर जे, ते त्याचं. कलम 27 आहे, पण ते लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरतं. गोव्यात तसं नाही. तिथे वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मिळकत सामाईक धरली जाते आणि घटस्फोटात निम्मा वाटा मिळतो. मला तोच कायदा न्यायाचा वाटतो. पण तुझा खटला इथला आहे. उडवलेल्या पैशातला निम्मा हिस्सा परत द्या, असं इथे म्हणता येणार नाही. तो पैसा पोटगीच्या हिशेबात आणावा लागेल.

त्यासाठी आधी स्वतःशी खरं बोल. धंदा बुडाला, पीक गेलं, सासऱ्यांच्या दवाखान्यात पैसा गेला, ही उधळपट्टी नव्हे. हे सगळं एकाच गाठोड्यात बांधून कोर्टात नेलंस तर तुझी खरी तक्रारही हलकी पडेल. जुगार, ऑनलाइन रमी, तुला अंधारात ठेवून दिलेल्या रकमा, खटल्याची चाहूल लागताच विकलेली गाडी, हे वेगळं काढ. भावाच्या नावावर वळवलेला पैसा तर उडालेलाही नसतो, लपवलेला असतो. प्रत्येक रकमेपुढे तारीख, खातं आणि ती कुणाकडे गेली ते लिही. कोर्टाला तुझ्या रागापेक्षा असा एक कागद जास्त उपयोगी पडतो. सूड म्हणून तूही खातं रिकामं करू नकोस, नाहीतर हाच हिशेब तुझ्यावर उलटेल.

रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितलं, की पोटगीच्या दाव्यात दोघांनीही मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. नवऱ्याने त्यात काही दडवलं, तर तुझा कागद समोर ठेवता येतो. तुझ्या प्रतिज्ञापत्रात मात्र काही लपवू नकोस.

स्त्रीधनाची गोष्ट अजून निराळी. ते तुझंच, त्यात नवऱ्याचा वाटा नाही. 2024 साली केरळमधल्या एका खटल्यात नवऱ्याकडच्यांनी सुनेचं सोनं आपली देणी फेडायला वापरलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याला 25 लाख रुपये द्यायला लावले. लग्नातले फोटो, सराफाच्या पावत्या, आहेराची वही शोधून ठेव. वहीत आईचं अक्षर असेल तर ती मुळीच टाकू नकोस.

घर किंवा दागिने विकायची तयारी दिसली तर घटस्फोटाच्या निकालाची वाट बघत बसू नकोस. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळही मोजला आहे. त्याखाली मालमत्ता विकायला आणि लॉकर उघडायला दंडाधिकारी मनाई करू शकतात.

समजुतीने मिटलं, तर संमतीच्या अटींत मालमत्तेइतकंच कर्जही लिहून घे. कुठलं खातं, कोण फेडणार, कधीपर्यंत. तुम्ही आपसांत ठरवलेलं बँकेवर बंधनकारक नसतं. म्हणून तुला कर्जातून मोकळं केल्याचं बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय शेवटची सही करू नकोस.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून थांबू नकोस. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे जाऊन अर्ज दे.