पिण्याच्या पाण्यातील प्लॅस्टिसायझर : गाळणीसाठी माती की कोळसा?

पडघा (ता. भिवंडी) परिसरात पाऊस भरपूर पडतो, परंतु काळा कातळ पाणी फारसे धरून ठेवत नाही आणि उन्हाळ्यात विहिरी खालावतात. अशा वेळी दूरच्या विहिरीचे पाणी मऊ प्लॅस्टिक नळीने पिंपात आणले, तर नळी दिवसभर उन्हात तापते. तिच्यातून पाण्यात काय उतरते, हे शेतकरी बंधू-भगिनींनी समजून घ्यावे.

प्लॅस्टिसायझर म्हणजे काय?

पीव्हीसी मुळात कडक असते. ते मऊ करण्यासाठी बहुधा थॅलेट वर्गातील तेलकट द्रव मिसळतात. मऊ नळीच्या वजनात त्याचा वाटा ३० ते ४० टक्क्यांपर्यंत असू शकतो. हा द्रव प्लॅस्टिकशी रासायनिकरीत्या जोडलेला नसल्यामुळे हळूहळू बाहेर पडतो. उष्णतेने हा वेग वाढतो. डीईएचपी या थॅलेटमुळे प्रयोगातील प्राण्यांच्या नर पिलांच्या जननेंद्रियांची वाढ बिघडल्याचे आढळले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा दर लिटरला ८ मायक्रोग्रॅम सुचविली आहे. इतके अल्प प्रमाण चवीवरून कळत नाही.

काय वापरावे?

काळ्या कातळात आढळणारे झिओलाइट अमोनियमसारखे धनभारित कण चांगले धरते. थॅलेटवर असा भार नसल्याने त्याचा उपयोग मर्यादित आहे. बेंटोनाइट माती फुगून गाळणी तुंबवते. घरगुती वापरासाठी नारळाच्या करवंटीपासून तयार केलेला सक्रिय कोळसा सोयीचा. त्याच्या १ ग्रॅममध्ये सुमारे १००० चौ. मी., म्हणजे जवळजवळ १० गुंठे पृष्ठभाग असतो व त्यावर थॅलेट चिकटते. चुलीतील कोळशाला ही सर येत नाही.

गाळण्याची पद्धत

१. पाणी प्रथम वाळूतून गाळावे. गढूळपणाबरोबर मातीच्या कणांना चिकटलेले थॅलेटही अडते.
२. कोळशाचा थर १० लिटर आकारमानाचा असल्यास मिनिटाला १ लिटरच पाणी सोडावे, म्हणजे सुमारे १० मिनिटे संपर्क मिळतो.
३. कोळसा क्लोरीन काढून टाकतो व त्यावर जंतू वाढू शकतात. म्हणून गाळल्यानंतर पाणी उकळावे किंवा क्लोरीन द्यावे. केवळ उकळल्याने डीईएचपी जात नाही.
४. कोळसा भरून गेल्याचे दिसून येत नाही. उत्पादकाने दिलेल्या मुदतीत तो बदलावा.

शिफारस

पिण्याच्या पाण्यासाठी आयएस ४९८५ खुणेचा कडक पीव्हीसी किंवा एचडीपीई पाइप वापरावा. मऊ नळी वापरावीच लागल्यास ती सावलीत ठेवावी व तिच्यात साचलेले पहिले पाणी झाडांना द्यावे. दुधासाठी अशी नळी मुळीच वापरू नये. स्निग्धांशामुळे दुधात थॅलेट अधिक उतरते.