विजयांची मालिका आणि नाणेफेक

३१ मार्च २०१७ च्या रात्री अमेरिकेतील डॅलस शहरात महाविद्यालयीन मुलींच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेचा उपान्त्य सामना चालू होता. एका बाजूला कनेक्टिकट विद्यापीठाचा संघ होता. नोव्हेंबर २०१४ पासून तो एकही सामना हरला नव्हता. ओळीने १११ विजय त्याच्या नावावर होते. समोर होता मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा संघ. एक वर्षापूर्वी याच संघाला कनेक्टिकटने ९८-३८ असे, म्हणजे तब्बल ६० गुणांनी हरवले होते. या वेळी मात्र ४० मिनिटांनंतर बरोबरी झाली. जादा वेळ द्यावा लागला. तोही संपता संपता मॉर्गन विल्यम या पाच फूट पाच इंच उंचीच्या मुलीने चेंडू बास्केटमध्ये टाकला आणि मिसिसिपी स्टेटने सामना ६६-६४ असा जिंकला.

आता कोणी म्हणेल, "पाहा, किती चुरशीची ही स्पर्धा!" दुसरा म्हणेल, "एकशे अकरा सामन्यांनंतर एकदा हरले, याला काय चुरस म्हणायची?" असा वाद शब्दांनी मिटत नाही. चुरस मोजता आली पाहिजे.

१११ विजयांचे गणित

समजा, दोन्ही संघ नेहमी तुल्यबळ असते. मग प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेकच. जिंकण्याची संभाव्यता १/२. ओळीने दोन विजयांची संभाव्यता १/४, तीन विजयांची १/८. याप्रमाणे १११ विजयांसाठी १/२ ही संख्या १११ वेळा स्वतःशी गुणावी लागेल. उत्तराचा छेद सुमारे २६ वर ३२ शून्ये इतका मोठा येतो! म्हणजे ही मालिका केवळ नशिबाने घडणे अशक्यच.

बरे, संघ बलाढ्य आहे आणि दर सामन्यात त्याची संभाव्यता ०.९ आहे असे धरू. तरीही १११ विजयांची शक्यता १,२०,००० मध्ये एक एवढीच येते. ती ०.९९ धरली, तर मात्र तीनांत एक! एका सामन्यापुरते पाहिले तर ०.९ आणि ०.९९ यांत फारसा फरक वाटत नाही. लांब मालिकेत मात्र तोच फरक प्रचंड होतो. म्हणून अशी मालिका पाहिली की दरी किती खोल होती याचा अंदाज येतो. आणि ०.९९ म्हणजे १ नव्हे, हेही विसरू नका. उरलेला शंभरावा हिस्सा केव्हातरी आपले डोके वर काढतोच.

चुरस मोजण्याची पट्टी

नाणे १६ वेळा उडवले तर सरासरी ८ वेळा छाप पडेल. पण दर खेपेस बरोबर ८ पडणार नाहीत. पाचांपैकी सुमारे चार खेपांना ही संख्या ६ ते १० यांच्या दरम्यान राहील. या पसरटपणाचे माप म्हणजे प्रमाण विचलन. नाणेफेकीसाठी ते काढणे सोपे आहे: फेकींच्या संख्येचे वर्गमूळ भागिले २. सोळा फेकींसाठी ते २ येते.

आता ९ संघांची एक काल्पनिक साखळी स्पर्धा घ्या. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा खेळतो, म्हणजे १६ सामने. पहिल्या वर्षी संघांचे विजय असे आहेत: ११, १०, ९, ९, ८, ७, ७, ६, ५. प्रत्येक संख्येतून सरासरी ८ वजा करा, वजाबाक्यांचे वर्ग करा, त्यांची सरासरी काढा आणि तिचे वर्गमूळ घ्या. उत्तर येते १.८. दुसऱ्या वर्षी विजय आहेत १६, १४, १२, १०, ८, ६, ४, २, ०. येथे उत्तर ५.२ येते.

या उत्तरांना नाणेफेकीच्या २ ने भागू. पहिल्या वर्षी ०.९, दुसऱ्या वर्षी २.६. गुणोत्तर १ च्या आसपास असेल तर संघ जवळपास तुल्यबळ. ते जितके मोठे तितकी दरी खोल. नोल आणि स्कली या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांच्या नावाने हे गुणोत्तर ओळखले जाते.

दरी का पडते?

मुलींची ही राष्ट्रीय स्पर्धा १९८२ साली सुरू झाली. २०२५ पर्यंत ती ४३ वेळा झाली (२०२० साली साथीमुळे रद्द झाली). पहिल्या श्रेणीत साडेतीनशेच्या आसपास संघ असताना विजेते मात्र १६ च. त्यांतही कनेक्टिकटची १२ आणि टेनेसीची ८ अशी २० विजेतेपदे दोघांकडेच गेली.

यामागे खेळाची रचना आहे. बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाचच खेळाडू मैदानात असतात, त्यामुळे एकच असामान्य खेळाडू सगळे पारडे फिरवू शकते. शिवाय एका सामन्यात प्रत्येक संघाला चढाईच्या सुमारे ७० संधी मिळतात. संधी जितक्या जास्त, तितके नशीब मागे पडते आणि बळ पुढे येते. ज्या खेळात गोल क्वचितच होतात, तेथे दुबळ्या संघाला याहून अधिक आशा असते.

दुसरे कारण मैदानाबाहेरचे आहे. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगे आणि मुली असा भेदभाव करण्याची बंदी अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने झाली. पण कायदा एका दिवसात होतो. चांगले प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या आणि प्रेक्षक जमायला वर्षे लागतात. जेथे ते आधी जमले, तेथे गुणी मुली गेल्या आणि तेथेच आणखी जात राहिल्या.

मग दरी आता बुजते आहे का? २००९ ते २०१६ या ८ स्पर्धांत तीनच वेगवेगळे विजेते होते. २०१७ ते २०२५ या काळातील ८ स्पर्धांत सहा. लक्षण आशादायक आहे. परंतु २०२४ साली साउथ कॅरोलायनाचा संघ ३८ पैकी ३८ सामने जिंकला, हेही खरे. आठ ही संख्या लहान आहे, आणि बाद पद्धतीत एका वाईट रात्रीने वर्षाची मेहनत वाया जाते. म्हणून घाईने निष्कर्ष काढू नये.

आणखी एक सावधगिरी. आपले गुणोत्तर दरी दाखवते, उंची दाखवत नाही. सगळे संघ सारखेच कच्चे असले तरी ते १ येईल. बलवानाला खाली ओढूनही चुरस वाढते आणि दुबळ्याला वर आणूनही वाढते. आकड्याला दोन्ही सारखेच. त्यांतले कोणते हवे, हे माणसांनी ठरवायचे असते.

करून पाहा

तुमच्या शाळेतील आंतरवर्गीय कबड्डी किंवा खो-खोच्या साखळी सामन्यांचा तक्ता मिळवा. वरील रीतीने गुणोत्तर काढा. मुलांसाठी आणि मुलींसाठी ते वेगळे येते का? येत असेल, तर सरावासाठी मैदान कोणाला किती वेळ मिळते, हेही घड्याळ लावून मोजा.