अनाथ पिल्लाचा गृहप्रवेश

थंडीच्या दिवसांत रायपूरच्या तात्यापाऱ्यातील एखाद्या गल्लीत, पायरीखाली किंवा वाळूच्या ढिगाआड भटक्या कुत्रीची पिल्ले आढळली तर त्यात नवल नाही. आपल्या देशात अशी पिल्ले बहुतकरून हिवाळ्यातच जन्मतात. त्यांपैकी जगतात किती? पश्चिम बंगालमधील संशोधकांनी ९५ वेतांतील ३६४ पिल्लांची पाच वर्षे पाहणी केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत असे दिसून आले की, केवळ १९ टक्के पिल्ले वयात येईपर्यंत जगली आणि ६३ टक्के मृत्यूंस या ना त्या प्रकारे मनुष्यच कारणीभूत होता.

मनुष्य तारकही ठरू शकतो. एखादे कुटुंब असे पिल्लू उचलून आणते, काही आठवडे सांभाळते व मग त्यास कायमचे घर मिळवून देते. या मधल्या घरास ‘पालकघर’ म्हणू. ते केवळ मुक्कामाचे ठिकाण नव्हे. याच आठवड्यांत पिल्लाच्या दोन गरजा परस्परांशी झगडत असतात.

ओळखीचा काळ

पहिली गरज ओळखीची. अमेरिकेत बार हार्बर येथे फ्रीडमन, किंग व एलियट या शास्त्रज्ञांनी काही पिल्ले कुंपणाच्या मैदानात मनुष्यापासून दूर वाढविली. निरनिराळ्या गटांना निरनिराळ्या वयांत एकेक आठवडा माणसांचा सहवास दिला. १९६१ साली त्यांनी निष्कर्ष मांडला की, चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांना हा सहवास लाभला नाही, ती पिल्ले पुढे माणसाळली नाहीत. सुमारे तिसऱ्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते व ऐकते, ते त्यास आपले वाटते. पुढे अनोळखी गोष्टींची भीतीच अधिक वाटू लागते.

प्रतिकारशक्तीतील खंड

दुसरी गरज रोगापासून संरक्षणाची. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे पिल्लाचे रक्षण करतात. परंतु तीच लसीचा प्रभावही मारतात. ती नेमकी केव्हा ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने लस पुन्हा पुन्हा टोचावी लागते. मधल्या काळात आईचे कवच गळालेले व लसीचे अद्याप चढलेले नाही, अशी अवस्था येते. १९७८ च्या सुमारास जगात प्रथम ओळखला गेलेला पार्व्हो विषाणू या खंडाचा फायदा घेतो. तो मातीत कित्येक महिने टिकतो. उलट्या व रक्ताचे जुलाब होऊन पिल्लू थोड्याच दिवसांत दगावते.

तेव्हा पिल्लास कोंडून ठेवावे तर ते भित्रे होते, मोकळे सोडावे तर रोग गाठतो. यावर उपाय साधा आहे. पिल्लास कडेवर घेऊन रस्ता, रिक्षा व बाजार दाखवावा. घरात कुकरची शिट्टी, लहान मुले, काठी टेकणाऱ्या आजी यांची सवय करावी. मात्र इतर कुत्री जेथे विष्ठा करतात त्या जमिनीवर त्यास उतरवू नये. चांगले पालकघर हेच करीत असते.

घरी आणताना

म्हणून दत्तक घेणाऱ्याने रंगरूपाआधी चार गोष्टी विचाराव्यात: पिल्लू कोणत्या वयात सापडले, लसी व जंतांची औषधे कोणत्या तारखांना दिली, पुढील मात्रा केव्हा, आणि त्याने आजवर काय काय पाहिले. पालकघरातील वापरलेले फडके सोबत आणावे. त्याचा परिचित वास पहिल्या रात्री धीर देतो. आहार एकदम बदलू नये. चॉकलेट, मनुका व कांदा ही कुत्र्यास विषासमान होत. पूर्वी त्या घरात एखादे पिल्लू पार्व्होने दगावले असेल, तर पशुवैद्यास विचारल्यावाचून नवे आणू नये.

सर्वांत महत्त्वाची सूचना रेबीजची. त्याची लस साधारणतः तीन महिन्यांच्या वयात टोचतात; परंतु रोगाची लागण त्याआधीही झालेली असू शकते आणि बाहेरून ती दिसत नाही. पिल्लाचा दात वा नख लागून खरचटल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. ‘एवढेसे तर पिल्लू’ असे म्हणून थांबू नये; लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून मनुष्य वाचणे जवळजवळ अशक्य असते.

पुढे योग्य वयात पशुवैद्याच्या सल्ल्याने निर्बीजीकरण करून घ्यावे. असे केले म्हणजे त्या पिल्लास घर मिळते, आणि पुढल्या हिवाळ्यात पायरीखाली मरणाऱ्या पिल्लांत त्याच्या वेताची भर पडत नाही.